सरोजने तीन वेळा लिहिलं होतं

हॉटेलात किंवा दुकानात तक्रारवही मागितली की गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आधी वही सापडत नाही. मग सापडते, पण पेन नसतं. पेन येईपर्यंत आपला राग निवतो आणि आपण घरी जातो. तरी त्या वहीत एक बरं होतं. दिली नाही तर दिली नाही, हे आपल्याला समजत असे. आता तक्रारवही फोनमध्ये आली आहे. मागावी लागत नाही, पेन लागत नाही, आणि लिहिलेलं लगेच आपल्या नावासकट दिसतं. आपल्याला दिसतं म्हणजे सगळ्यांनाच दिसतं, असं आपण धरून चालतो. ही गोष्ट त्या धरून चालण्याची आहे आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही.

ठाणे पूर्वेला कोपरीत, एका गाद्यांच्या दुकानावर, ‘ऐसपैस कम्युनिकेशन्स’ नावाची एजन्सी होती. नाव ऐसपैस, पण जागा अशी की एकाने खुर्ची मागे सरकवली तर दुसऱ्याला उभं राहावं लागे. शाळा, दवाखाने, बिल्डर, साड्यांची दुकानं अशा तीसेक लोकांची फेसबुकवरची पेजं ही एजन्सी सांभाळायची. फोटो टाकायचे, सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, चौकशीला उत्तरं द्यायची. आणि आणखी एक काम होतं, जे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

ते काम क्षिप्रा लेले करायची. डोंबिवलीची मुलगी, वय सव्वीस, मराठी चांगलं, बोलणं गोड. ती कामाला लागली त्या दिवशी एजन्सीचे मालक विनीत यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं.

“हे बघ, कोणी पेजवर वाईट कॉमेंट टाकली ना, तर डिलीट नाही करायची. डिलीट केली की त्याला कळतं. मग तो भडकतो, दहा जणांना घेऊन येतो, सगळा लफडा होतो. आपण काय करायचं? हाइड. झाकून टाकायची. त्याला स्वतःला ती दिसत राहते, त्याच्या फ्रेंडलिस्टवाल्यांना दिसते. बाकी दुनियेला नाही दिसत. त्याला वाटतं आपण बोललो, सगळ्यांनी ऐकलं. तो पण खूश, क्लायंट पण खूश.”

“आणि क्लायंटला सांगायचं ना सर, काय लिहिलेलं ते?”

“कशाला? तो आपल्याला पैसे डोकं शांत ठेवायला देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

क्षिप्राला तेव्हा ही युक्ती फार हुशारीची वाटली. कुणाला दुखवायचं नाही, कुणाचा अपमान नाही, भांडण नाही. ऑफिसात त्याला ‘झाकण मारणं’ म्हणत. कॉमेंट पडल्यापासून दहा मिनिटांत झाकण बसलं पाहिजे असा नियम होता, आणि क्षिप्राचं चार मिनिटांत बसायचं. दिवाळीत त्याबद्दल तिला सगळ्यांसमोर पेढे देऊन टाळ्या वाजवल्या होत्या. महिन्याच्या शेवटी प्रत्येक क्लायंटला रंगीत रिपोर्ट जायचा. त्यात एक रकाना असे, ‘नकारात्मक प्रतिक्रिया’. झाकलेली कॉमेंट त्या रकान्यात धरायची नाही, असा दंडक होता. त्यामुळे तिथे बहुतेक वेळा शून्य असायचं.

तीस क्लायंटपैकी एक होतं ‘निवांतघर’. खडवलीला, स्टेशनपासून थोडं आत, म्हाताऱ्या माणसांना राहण्यासाठी बांधलेली दोन मजली इमारत. मालक प्रशांत सावंत. पेजवर बागेचे फोटो, आजोबांचा कॅरम, आजींचं हळदीकुंकू, आणि खाली क्षिप्राने लिहिलेल्या ओळी. ‘इथे प्रत्येक हाकेला ओ मिळते’ ही ओळ तिचीच, आणि ती प्रशांतरावांना इतकी आवडली होती की त्यांनी ती फाटकावर रंगवून घेतली.

जानेवारीत संक्रांतीच्या फोटोखाली एक कॉमेंट पडली. लिहिणारीचं नाव सरोज तांबे. फोनला बोलून टाइप केलेली असावी, कारण तीत कुठेच विराम नव्हता.

‘माझे बाबा मारुती तांबे दुसऱ्या मजल्यावर आहेत त्यांची एक बाजू गेलेली आहे बेल दाबली तर खाली ऐकू जात नाही दुपारी मावश्या जेवायला बसतात तेव्हा वर कोणी नसतं प्लीज बेल बघा’

क्षिप्राने ती वाचली आणि झाकली. मिनिटं लागली तीन.

फेब्रुवारीत दुसरी आली. ‘मी ऑफिसात पण सांगितलं तिथली मॅडम बघते म्हणाली बघितलं नाही बाबा परवा दीड तास ओले पडून होते’. ‘ओले पडून होते’ या शब्दांशी क्षिप्रा थांबली, खोटं कशाला बोला. तिने ती झाकली, पण उठून विनीतकडे गेली.

“सर, निवांतघरच्या मालकांना एक फोन करू का? बेलचा काहीतरी प्रॉब्लेम आहे.”

विनीत दुसऱ्या कुठल्यातरी क्लायंटच्या व्हिडिओत बुडालेला होता. “आपण काय वायरमन आहोत का? त्यांचं मेंटेनन्स ते बघतील. तू प्रॉब्लेम घेऊन गेलीस की क्लायंट विचारतो, मग तुम्ही काय करताय? रिन्यूअल आहे एप्रिलला. सोड ना.”

तिने सोडलं. आपल्यापैकी किती जण धरून ठेवतात, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला आहे, आणि उत्तर काही छातीठोकपणे देता आलेलं नाही.

मार्चमध्ये तिसरी कॉमेंट आली, आणि ती निवांतघरला उद्देशून नव्हतीच. ‘हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती तुमचे आईवडील दुसऱ्या मजल्यावर असतील तर त्यांना विचारा बेल वाजते का सगळे मिळून सांगू म्हणजे ते ऐकतील’. खाली सरोजच्या कुणा नणंदेने हात जोडल्याची खूण टाकली होती. क्षिप्राने ही कॉमेंट दोनदा वाचली. घड्याळात आठ मिनिटं झाली होती. नवव्या मिनिटाला तिने झाकण मारलं.

मग कॉमेंटी थांबल्या. सरोज पुन्हा काही लिहिना. विनीत म्हणाला, “बघ, मी बोललेलो ना? सुंठीवाचून खोकला गेला.” मार्चच्या रिपोर्टात शून्य गेलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मारुती तांबे दुपारचं जेवण झाल्यावर संडासाला जायला उठले. आधी त्यांनी बेल दाबली असणार, कारण बेलचं बटण पलंगावरून ओढलेलं आणि वायरीला लोंबकळत होतं. कोणी आलं नाही. एका पायाने आणि भिंतीच्या आधाराने ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात पडले. चार वाजता मावशी चहा घेऊन वर गेली तेव्हा ते तसेच होते. डोक्याला मार होता, पण शुद्ध होती. मावशीला ते म्हणाले, “बराच वेळ झाला गो.” कल्याणच्या एका दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते वारले.

बातमी एका स्थानिक पोर्टलवाल्याला लागली आणि त्याने निवांतघरला फोन करून विचारलं, तुमचं म्हणणं काय. त्याच दुपारी प्रशांत सावंत कोपरीच्या ऑफिसात आले. चेहरा काळवंडलेला. पाणी दिलं ते तसंच राहिलं.

“विनीतजी, मी देवाशपथ सांगतो, मला कोणी काही सांगितलं नाही,” ते म्हणाले. “ऑफिसमध्ये तेव्हा होती ती मुलगी आता फोनवर म्हणते, एकदा कोणीतरी बोललं होतं, मी विसरले. ती तर नोकरी सोडून गेली. पण बाकी कुठूनच काही नाही. एक फोन नाही, एक कॉमेंट नाही. मी तुमचे रिपोर्ट काढून बघितले. जानेवारी शून्य, फेब्रुवारी शून्य, मार्च शून्य. मला वाटलं, लोक समाधानी आहेत. वायरमनने आज पाहिलं. एक जोड सुटलेला, बास. अर्ध्या तासाचं काम होतं हो.”

क्षिप्रा टेबलाच्या या टोकाला वही घेऊन बसली होती. तिने विनीतकडे पाहिलं. विनीत लॅपटॉपकडे पाहत होता.

प्रशांत सावंत हा माणूस लबाड निघाला असता तर क्षिप्राला सोपं गेलं असतं. पण हा माणूस लबाड नव्हता. त्याला कळलं असतं तर जानेवारीतच अर्ध्या तासात तो जोड बसला असता, आणि मारुती तांबे त्या मंगळवारी चहा पिऊन कॅरम बघत बसले असते!

प्रशांतराव गेल्यावर ती म्हणाली, “सर, त्यांना सांगायला पाहिजे.”

“काय सांगायचं? की आम्हाला माहिती होतं, आम्ही झाकलं?” विनीतचा आवाज पहिल्यांदाच चिरका लागला. “अगं, तो आपल्याला कोर्टात खेचेल. चौदा जणांचं घर चालतं या ऑफिसवर. माझं सोड, त्यांचं बघ. गेला तो माणूस परत येणार आहे का? तू निवेदन लिही. मस्त लिहितेस तू.”

तिने निवेदन लिहिलं. ‘मारुती तांबे यांच्या निधनाने निवांतघर परिवार शोकाकुल आहे. आवश्यक ती सर्व दुरुस्ती तातडीने करण्यात आली आहे. याबाबत आमच्या समाजमाध्यमांवर कोणतीही तक्रार आलेली नव्हती.’ शेवटचं वाक्य विनीतने सांगितलं होतं. टाइप तिने केलं. बैल गेला आणि झोपा केला, आणि झोप्यावर पाटी लावायचं काम आमच्या नायिकेने केलं.

निवेदन पेजवर गेलं आणि तासाभरात खाली सरोजची कॉमेंट आली.

‘खोटं आहे मी तीन वेळा लिहिलं होतं सगळ्यांनी वाचलेलं आहे’

क्षिप्राचा हात सवयीने पुढे गेला. विनीत मागेच उभा होता. तो म्हणाला, “थांब. ही नको झाकू. ही राहू दे.”

का, ते पाच मिनिटांत समजलं. लोकच सरोजला उत्तर देऊ लागले. कुणी लिहिलं, कुठे लिहिलंस ते दाखव. सरोजने लिहिलं, संक्रांतीच्या फोटोखाली बघा, तिथेच आहे. लोकांनी जाऊन पाहिलं. तिथे तीळगुळाच्या शुभेच्छा होत्या आणि एकोणसाठ कौतुकं. सरोजची कॉमेंट नव्हती, कारण ती फक्त सरोजला आणि तिच्या फ्रेंडलिस्टवाल्यांना दिसत होती. मग लोक परत आले ते पिसाळूनच आले. ‘बाप जिवंत असताना आश्रमात टाकला, आता रडते.’ ‘पैसे उकळायचे धंदे.’ ‘खोटारडी.’ बिचारी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, अहो नीट बघा, मला इथे दिसतंय, तिथेच आहे. शेवटी तिने आपल्या फोनवरचा फोटो काढून टाकला, तर एक म्हणाला, हल्ली असले फोटो कोणीही बनवतं.

आणि मंडळी, शिव्या देणारे काही गुंड नव्हते. त्यांच्या नावावर टिचकी मारली तर कुणाच्या फोटोत देवघर दिसत होतं, कुणाच्या मांडीवर नातू होता. आपल्यासारखेच होते. डोळ्यांनी पाहून आले होते ना ते, म्हणून त्यांची खात्री होती.

“बघितलंस? आपल्याला काहीच करावं नाही लागलं,” विनीत म्हणाला. पण बोलताना तो स्वतःही तिच्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळी क्षिप्रा डोंबिवलीला घरी आली तेव्हा तिचे वडील श्रीपाद लेले हॉलमध्ये टॅब घेऊन बसले होते. टपालखात्यात छत्तीस वर्षं काढून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ मुलीच्या कामाचं सगळं नेमाने वाचायचा. आई, मंदाकिनीबाई, कुकर लावत होत्या.

“क्षिप्रा,” ते म्हणाले, “ही सरोज तांबे खोटं बोलते आहे का?”

तिने चप्पल काढली, पिशवी ठेवली, आणि तिथेच खाली बसली. मग सगळं सांगितलं. झाकण, चार मिनिटं, पेढे, तीन कॉमेंटी, निवेदनातलं शेवटचं वाक्य. सांगताना ती रडली नाही, तिला रडावंसंही वाटत नव्हतं. आपण आतून रिकामे झालो आहोत असं तिला वाटत होतं आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

श्रीपादरावांनी टॅब बंद करून बाजूला ठेवला.

“आमच्याकडे एक पोस्टमन होता,” ते म्हणाले. “काळुराम. उन्हाचा त्याला त्रास व्हायचा. एकदा त्याने टेकडीवरच्या वाडीची अकरा पत्रं वाटली नाहीत, सायकलच्या पिशवीत ठेवून दिली. आठ दिवसांनी सापडली. मी त्याला निलंबित केला. तो रडला, मीही घरी येऊन जेवलो नाही. पण क्षिप्रा, त्या वाडीतल्या लोकांना निदान एवढं माहीत होतं की पत्र आलेलं नाही. ते वाट पाहत होते, येऊन चौकशी करत होते. काळुरामने पत्र पोचवलं नाही, पण पोचल्याची सही काही ठोकली नव्हती. तुम्ही सही ठोकलीत. त्या बाईच्या हातात पोचपावती दिलीत आणि पत्र पिशवीत ठेवलंत.”

“बाबा, मी एकटी नव्हते. सिस्टिमच तशी आहे. सगळ्या एजन्सी हेच करतात.”

“असतील. पत्र तुझ्या हातात होतं.”

मंदाकिनीबाई ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, पण आता बोलून गेलेला माणूस येणार आहे का? हिची नोकरी मात्र जाईल. पोलीस-बिलीस झालं म्हणजे? कशाला अंगावर ओढून घ्यायचं?”

“माणूस येणार नाही,” श्रीपादराव म्हणाले. “पण त्याच्या मुलीला आज सगळा गाव खोटारडी म्हणतो आहे. ती खोटारडी नाही हे जगात माहीत असलेल्या माणसांपैकी एक या घरात जेवायला बसणार आहे. मला तिच्या पंक्तीला बसवेल की नाही, मला सांगता येत नाही.”

त्यांनी आवाज चढवला नव्हता. ते उठले, आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेले, आणि त्या घरात पहिल्यांदा लेक एकटी जेवायला बसली. जेवली नाहीच. आपण लोकांना त्रास होऊ नये म्हणून काम करतो, असं ती तीन वर्षं समजत आली होती. कुणाचा त्रास वाचवला आणि कुणाच्या वाट्याला टाकला, याचा विचार तिने कधी केला नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली. निवांतघरचं पेज उघडलं. लपवलेल्या कॉमेंटींची यादी काढली आणि सरोजच्या तिन्ही कॉमेंटी एकेक करून उघड्या केल्या. मग निवेदनाखाली पेजच्या नव्हे तर स्वतःच्या नावाने लिहिलं. ‘सरोज तांबे खरं बोलत आहेत. त्यांनी तीन वेळा लिहिलं होतं. मी या पेजचं काम पाहते. तिन्ही वेळा मी ते लपवलं. मालकांना कळवलं नाही. दुसऱ्या मजल्यावर ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी आज जाऊन स्वतः बेल दाबून पाहावी.’ त्यानंतर प्रशांत सावंतांना फोन करून तेच सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, “मी तुमची ओळ फाटकावर लावली होती हो,” आणि फोन ठेवला.

विनीत साडेदहाला आला. तोवर पाऊण तास झाला होता. त्याने क्षिप्राची कॉमेंट काढून टाकली, तिचा पासवर्ड बंद केला आणि म्हणाला, “तुला काय वाटतं, तू मोठी झालीस? तू फक्त आम्हा सगळ्यांना बुडवलंस.”  त्यालाही लहान मुलं होती आणि घराचा हप्ता होता, हे क्षिप्राला माहीत होतं. तिने बॅग उचलली. ज्या मुलींबरोबर ती रोज डबा खायची त्यांच्यातली एकही जागेवरून उठली नाही.

पाऊण तासात चार-पाच घरांतून निवांतघरला फोन गेले होते. एका मुलाने त्याच दुपारी कर्जतहून येऊन वडिलांच्या खोलीतली बेल दाबून पाहिली. वाजली. हे बरंच झालं म्हणायचं. पण सरोजला खोटारडी म्हणणाऱ्यांपैकी एकानेही चुकलो म्हणून लिहिलं नाही. दोघांनी आपली कॉमेंट गुपचूप काढली, बाकीचे दुसऱ्या कुठल्यातरी बातमीवर रागवायला निघून गेले.

आता सरोजकडे जायचं राहिलं होतं. डोंबिवलीशेजारच्या कोपरला, पश्चिमेच्या बाजूला, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तिचं घर होतं. तो जिना चढतानाच क्षिप्राला कळलं की एक बाजू गेलेल्या माणसाला या घरात ठेवणं का जमलं नसेल. सरोजने दार उघडलं. चाळिशीची बाई, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाणारी, बोटांवर सुईचे काळे डाग. आत भिंतीला टेकून मारुती तांब्यांचा फोटो ठेवला होता, त्याला अजून चौकट केलेली नव्हती.

क्षिप्राने दारातच सांगितलं. आत येऊन बसून सांगण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

“सरोजताई, तुमच्या कॉमेंटी कोणाला दिसत नव्हत्या. फक्त तुम्हाला दिसत होत्या, तुमच्या नणंदेला दिसत होत्या. मी त्या झाकलेल्या.”

सरोजला ते पटकन समजलं नाही. तिने फोन काढला, संक्रांतीचा फोटो उघडला, आपलं लिहिलेलं दाखवलं. “ही काय. आहे ना.”

“आज आहे. तेव्हा नव्हती. कोणीच वाचली नव्हती.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही.”

सरोज चौकटीला धरून उभी राहिली. आपल्याला आता ती शिव्या देईल, हात उगारेल, असं क्षिप्राला वाटलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

“बाबा मला विचारायचे,” सरोज म्हणाली, “कोणी काय बोललं का गो. मी म्हणायचे, वाचतायत बाबा, लोक वाचतायत. होईल. मार्चात लिहिलं ना, सगळ्यांना हात जोडून, त्याच्यानंतर पण कोणी काय नाय बोललं. चौथ्यांदा लिहायला बसलेले मी. लिवलं आणि पुसलं. म्हटलं, एवढ्या लोकांनी वाचलं, त्यांची पण माणसं आहेत तिथे, त्यांना काय नाय वाटत. म्हणजे त्यांच्या बेला वाजत असतील. म्हणजे माझंच चुकत असेल.”

तिने हातातला फोन बंद केला. पुढचं बोलायचं की नाही हे ती ठरवत होती.

“ते पडायच्या आधी रविवारी गेलेले मी. बाबांवर ओरडले. म्हटलं, सगळ्यांची वाजते, तुमचीच कशी वाजत नाय. तुम्ही नीट दाबतच नसाल. पोरासारखी शिकवली मी त्यांना बेल दाबायला. कोणी वर आलं नाय, तरी म्हटलं, तुमचाच जोर कमी पडतोय. ते म्हणाले, असंल बाय, हातात जोर नाय ऱ्हायला माझ्या. मग बसून दाबत होते सारखी, माझ्यासमोर, नीट जमतंय का बघायला.”

क्षिप्रा म्हणाली, “मला माफ करा.”

“तुला मी करीन पण,” सरोज म्हणाली. “त्यांना मी कुठे जाऊन सांगू, की बाबा, तुम्ही नीट दाबत होता?”

तिने दार लावलं. जोरात नाही, हळूच लावलं.

क्षिप्रा आज एका दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर बसते. पगार निम्मा आहे. तिथे एक तक्रारवही आहे, ती टेबलाच्या वर असते, आणि रोज सकाळी ती वाचून डॉक्टरांच्या समोर नेऊन उघडी ठेवते. डॉक्टर कधीकधी वैतागतात. ती म्हणते, वैतागा, पण वाचा. कोणी तिला चांगली म्हणालं तर तिला ते सहन होत नाही. वडील पुन्हा तिच्याबरोबर जेवतात, एवढं एक सुख तिने परत मिळवलं आहे.

नागरिकहो, शेवटी हात जोडून एवढंच सांगायचं आहे. तक्रार करणारा माणूस आपला वैरी नसतो, तो आपलं सुटलेलं काम दाखवायला आलेला असतो. त्याला नाही म्हणा, त्याच्याशी भांडा, तुमचं चुकलं असं तोंडावर सांगा, पण तुमचं ऐकलं असं खोटं दाखवू नका. नाही म्हटलेला माणूस दुसरं दार ठोठावतो. ऐकलं असं समजलेला माणूस घरी जातो, आणि कोणी काही करत नाही हे पाहून हळूहळू स्वतःलाच खोटा समजू लागतो. आणि मग तो आपल्या सगळ्यात जवळच्या, सगळ्यात दुबळ्या माणसाला सांगतो की चूक तुझीच आहे. मारुती तांबे जोड सुटल्यामुळे गेले, असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. पण जाण्याआधी काही दिवस ते आपल्याच हाताला दोष देत होते, आणि तो दोष त्यांच्या हाताचा नव्हता, हे त्यांना आता कोणीही सांगू शकत नाही.